चौदा नंबरच्या खोलीतले जंतू

वीत्स्के होखलांड अकरा वर्षं स्वतःच्या घराबाहेर एक रात्रही झोपली नव्हती. त्याबद्दल कुणी विचारलं तर ती शांतपणे सांगायची, "मी एकतीस वर्षं जंतू मोजलेत. तुम्ही मोजले नाहीत, म्हणून तुम्हाला झोप लागते."

यात खोटं काहीच नव्हतं. लेउवार्डन शहरातल्या दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. काचेच्या बश्यांमध्ये वाढलेले ठिपके भिंगाखाली धरून मोजायचे आणि आकडा लिहायचा, हे तिचं काम. आकडा ठरल्यापेक्षा वर गेला की ती फोन उचलायची आणि अख्खा टँकर ओतून द्यावा लागायचा. कारखान्याचे साहेबसुद्धा तिच्या फोनला घाबरत. निवृत्त झाल्यावर टँकर संपले, पण नजर तीच राहिली. आता ती नजर दारांच्या मुठींवर, लिफ्टच्या बटणांवर आणि नवऱ्यावर फिरू लागली.

नवरा शूर्ड हा कालव्यावरचा पूल उघडायचा आणि बंद करायचा. बोट पुढे जाईपर्यंत गप्प उभं राहण्यात त्याचा जन्म गेलेला. अशा माणसाला वीत्स्केसारखी बायको मिळाली हे त्या दोघांचंही नशीब.

मे महिन्यात वीत्स्केच्या आईला, आउक्येला, नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. म्हातारीने आमेलांड बेटावरचं एक छोटं हॉटेल ठरवलं आणि सगळ्या गोतावळ्याला फोन केले.

"आई, मी सकाळच्या बोटीने येते आणि संध्याकाळच्या बोटीने परत जाते," वीत्स्के म्हणाली.

"शेवटची बोट साडेपाचला. जेवण सातला."

"मग मी दुपारी केक खाते ना तुझ्याबरोबर."

"हे बघ, शंभरीला तू हवी तशी ये-जा कर. या वेळी राहायचं," म्हातारीने सांगितलं आणि फोन ठेवून दिला. तिला लेकीचं 'पण' ऐकायची सवय होती, वेळ नव्हता.

एका रात्रीसाठी दोन माणसांच्या चार बॅगा निघाल्या. एकीत कपडे. दुसरीत घरच्या चादरी, उश्या आणि दोघांचे टॉवेल. तिसरीत घरची किटली, कप, ग्लास आणि चमचे. चौथी सगळ्यात जड. तिच्यात फवारे, ब्रश, हातमोजे, ब्लीचची बाटली आणि वीत्स्केने नुकताच मागवलेला जांभळ्या उजेडाचा टॉर्च होता. डोळ्यांना न दिसणारी घाण या टॉर्चखाली चमकते, असं खोक्यावर लिहिलं होतं.

बेटाच्या धक्क्यावर तिचा धाकटा भाऊ डाउवे गाडी घेऊन आला होता. बॅगा बघून तो म्हणाला, "काय गं, देश सोडून चाललात की काय?"

आणि त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे गालांवर तीन मुके घ्यायला तोंड पुढे केलं. वीत्स्केने कोपर पुढे केलं.

"सत्तावीस माणसं येणार आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकी तीन म्हणजे एक्याऐंशी. मी हिशेब करून आलेय."

"बरं, मी कोपराचा मुका घेतो," डाउवे म्हणाला आणि त्याने खरंच घेतला.

हॉटेल साधंच होतं, विटांचं, वाळूच्या टेकडीला टेकलेलं. मालक रिंझे हा टक्कल पडलेला, मंद हालचालींचा माणूस. त्याने चौदा नंबरची किल्ली पुढे केली. वीत्स्केने ती कागदी रुमालात धरली आणि जिना चढताना एकदाही कठड्याला हात लावला नाही.

खोलीत गेल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर मधोमध वर्तमानपत्राची दोन पानं पसरली.

"शूर्ड, इथे उभा राहा. मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नकोस."

शूर्ड कागदावर उभा राहिला. पायांखाली खेळाचं पान होतं. त्याने मान वाकवून मॅचचा निकाल वाचायला घेतला.

टीव्हीचा रिमोट पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गेला. हॉटेलचं पांघरूण चिमट्याने उचलून कपाटात कोंडलं गेलं. फोन, दिव्यांची बटणं, खिडकीचं हँडल, बायबलचं कव्हर, सगळं दोनदा पुसून झालं. मग तिने पडदे ओढून अंधार केला आणि टॉर्च लावला. गादीवरची चादर निळसर पांढरी झळकली. उशी झळकली. टॉवेल तर चांदण्यासारखा झळकला.

"अरे देवा," वीत्स्के पुटपुटली. "सगळं बरबटलंय."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. खोल्या आवरणारी बोझेना जास्तीचे टॉवेल घेऊन आली होती. मूळची पोलंडची, पन्नाशीची, आखूड काळ्या केसांची. चौदा वर्षं याच हॉटेलात काम करून तिची भाषा बेटावरच्या माणसांसारखी रोखठोक झाली होती. अंधार, टॉर्च आणि कागदावर उभा माणूस बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"काही हरवलंय का, बाई?"

"ही खोली कुणी साफ केली?"

"मी. सकाळी."

"वाटलंच," वीत्स्के म्हणाली आणि तिने टॉर्चचा झोत चादरीवर धरला. "हे काय आहे?"

"धुण्याची पावडर."

"काय?"

"कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत काहीतरी घालतात ना, ते चमकतं. जितकं धुवाल तितकं जास्त चमकतं. घाण नाही हो ती."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्याकडेही आहे तसला टॉर्च. दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच एक बाई विसरून गेल्या."

वीत्स्केला हे काही पटलं नाही. तिने शहानिशा करण्यासाठी झोत शूर्डवर वळवला. शूर्ड चर्चच्या खिडकीच्या रंगीत काचेतल्या संतासारखा उजळून निघाला. कॉलर चमकली, बाह्या चमकल्या, तो कसनुसा हसला तर दातही चमकले. तो शर्ट वीत्स्केने परवाच स्वतः कढत पाण्यात धुतला होता.

तिने टॉर्च बंद केला. "बॅटरी उतरलीय," ती म्हणाली. "तुम्ही जा. बाकीचं मी बघते."

"बघा की," बोझेना म्हणाली. "टॉवेल ठेवू की यांच्या हातात देऊ? यांचे हात मोकळे दिसतायत."

"शूर्ड, घेऊ नकोस."

शूर्डने पुढे केलेले हात मागे घेतले.

दुपारचे तीन वाजत आले तरी न्हाणीघर बाकी होतं. चारला खालच्या हॉलमध्ये केक कापायचा होता. वीत्स्केने आत जाऊन खिडकी बंद केली, कारण बाहेर कठड्यावर एक सीगल बसला होता आणि त्याचा काही भरवसा नव्हता. दार लावून घेतलं आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला, म्हणजे इथली घाण धुतलेल्या खोलीत जायला नको. मग तिने संडासाच्या भांड्यात अर्धी बाटली ब्लीच ओतलं आणि घासायला सुरुवात केली.

सगळं निघालं, पण पाण्याच्या रेषेवरचं पिवळट कडं काही निघेना. बेटावरचं पाणी जड, त्याचा क्षार धरतोच. वीत्स्केने ब्रश बदलला, दातओठ खाऊन घासलं. कडं तसंच. ती तरातरा बाहेर आली, मधल्या बोळात बोझेनाची ढकलगाडी उभी होती, तिच्यावरची क्षार काढायची बाटली उचलली आणि परत आत जाऊन दार लावलं.

आता ही बाटली अ‍ॅसिडची, आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं की विषारी वायू सुटतो. हे वीत्स्केला माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तशी सूचना होती, आणि ती वीत्स्केनेच लाल शाईने लिहून चिकटवली होती. पण त्या घटकेला तिला जगात फक्त ते पिवळं कडं दिसत होतं. तिने बाटली उपडी केली.

बाहेर कागदावर उभ्या शूर्डला आधी खोकला ऐकू आला. मग ब्रश पडल्याचा आवाज. मग पुन्हा खोकला, आणि तो थांबेचना.

"वीत्स्के?" त्याने हाक मारली. "मी कागदावरून उतरू का?"

उत्तर आलं नाही. शूर्डने आणखी क्षणभर वाट पाहिली. चौतीस वर्षांची सवय होती ती, एकदम कशी जाणार? मग तो उतरला. बाहेरचे बूट घालून, नुकताच पुसलेला गालिचा तुडवत तो धावला आणि त्याने न्हाणीघराचं दार खेचलं. आतून असा उग्र दर्प आला की त्याच्या डोळ्यांना धार लागली. वीत्स्के टबाची कड धरून गुडघ्यांवर बसली होती.

"कुणीतरी या!" तो ओरडला. पुलावरून बोटवाल्यांना हाक मारायचा त्याचा आवाज होता, सगळ्या मजल्यावर घुमला.

बोझेना आली. बोळातच तिला वास कळला. तिने एक टॉवेल ओला करून तोंडाला धरला, श्वास रोखून आत शिरली, आधी खिडकी सताड उघडली आणि मग वीत्स्केच्या काखेत हात घालून तिला फरफटत बाहेर आणलं. शूर्डने पाय धरले. जाता जाता बोझेनाने कोपराने धोक्याची घंटा दाबली.

दहा मिनिटांत अख्खं हॉटेल बाहेरच्या हिरवळीवर होतं. समुद्रावर जायला निघालेलं एक जर्मन कुटुंब पोहण्याच्या कपड्यांत, कुणी साबणाच्या फेसासकट, आणि आउक्येचे सत्तावीस पाहुणे सणाच्या कपड्यांत. बंब आला. बेटावरचा बंब म्हणजे गावातलीच माणसं. पुढे होता तो बेकरीवाला हार्मेन, ज्याने तासाभरापूर्वीच गुलाबी आयसिंगचा केक पोचवला होता. चिखलाचे बूट घालून तो आणि दोघे चौदा नंबरमध्ये गेले, पाणी सोडलं, सगळी दारं-खिडक्या उघडली आणि खाली येऊन हार्मेनने रिंझेला सांगितलं, "खोली आज कुणाला देऊ नकोस. आत जंतू काय, झुरळसुद्धा जगणार नाही."

वीत्स्केला गवतावर बसवलं होतं. अंगाभोवती बंबातली घोंगडी, तोंडासमोर प्राणवायूचा मास्क घेऊन एक तरुण नर्स. वीत्स्केला बोलता येऊ लागलं तेव्हा पहिलं वाक्य निघालं ते असं: "हा मास्क धुतलेला आहे का?"

"नाही हो," नर्स म्हणाली. "आत्ताच एका मेंढीला लावला होता. श्वास घ्या बघू."

वीत्स्केने घेतला. छातीत जळजळ होत होती आणि आजूबाजूला माणसं वाकून वाकून बघत होती. तिला भयंकर लाज वाटली. आजवर टँकर तिने ओतायला लावले होते. आज तिच्यापायी हॉटेल रिकामं झालं होतं.

"फार जास्त नाही गेलं आत," नर्सने सांगितलं. "रात्री एकटीने झोपू नका. दम लागला तर लगेच फोन करा."

नातेवाईक एकेक करून पुढे आले. घाबरलेली माणसं कोपरं बघत नाहीत. भाच्या, पुतणे, चुलतबहिणी, सगळ्यांनी तिला मिठ्या मारून गालांवर तीन तीन मुके दिले, आणि कुणाच्या मिशीला कॉफीचा फेस होता, कुणाच्या नाकाला पाणी. वीत्स्के बसल्या जागी ते घेत राहिली. उठून जाण्याइतका जोर तिच्यात नव्हता.

आउक्ये बागेतल्या खुर्चीवर बसून अंडं घालून केलेली दाट, गोड दारू चमच्याने खात होती. तिने दुरूनच विचारलं, "वीत्स्के, जिवंत आहेस ना?"

"हो, आई."

"मग ये, केक काप. तुझे हात तरी धुतलेले असतील."

सगळे हसले. वीत्स्केच्या ओठांवरही काहीतरी आलं, पण ते हसू होतं की खोकला हे शूर्डला सांगता आलं नाही. हॉलमधल्या खुर्च्या बाहेर आणून गोल मांडल्या, बंबवालेही त्या गोलात बसले, आणि हार्मेनने स्वतःच्याच केकचे दोन तुकडे खाल्ले.

झोपायचा प्रश्न म्हातारीने सोडवला. "ती माझ्या खोलीत. शूर्ड डाउवेच्या खोलीत."

"आई, माझ्या चादरी वर चौदामध्ये आहेत."

"माझ्या पलंगावर आहे की चादर."

"कुणाची?"

"पलंगाची," म्हातारी म्हणाली.

त्या रात्रीबद्दल आउक्येने सकाळी एवढंच सांगितलं की लेक घोरते. डाउवेच्या खोलीत शूर्ड पलंगावर, आरामखुर्चीवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर, अशा तिन्ही ठिकाणी आळीपाळीने बसला, हे डाउवेने सांगितलं.

न्याहारीनंतर वीत्स्के माफी मागायला बोझेनाला शोधत निघाली. बोझेना अकरा नंबरमध्ये पलंग घालत होती.

"बाई, मी तुम्हाला काल फार..."

"माफी नंतर. ते टोक धरा आधी."

वीत्स्केने टोक धरलं. "तुमची बाटलीसुद्धा मी न विचारता..."

"ओढा. आणखी. हां, आता खाली दुमडा. एका खोलीला बावीस मिनिटं मिळतात मला. तुमच्या माफीत चार गेली."

"बावीस?" वीत्स्के थबकली. "बावीस मिनिटांत काय होणार? मला काल चार तास लागले!"

"आणि हॉटेल रिकामं करावं लागलं," बोझेना म्हणाली.

वीत्स्के बघत राहिली. बोझेना वरून खाली येत होती, कोरडं आधी, ओलं नंतर. दाराची मूठ, बटणं, नळ, रिमोट, जिथे माणसाचा हात जातो तिथे तिचं फडकं आधी जात होतं. बेसिनला निळं फडकं, संडासाला लाल.

"तुमच्याकडे फडक्यांचे रंग ठरलेले आहेत?" वीत्स्केने विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

"मग? तुम्ही काय तोंड आणि ढुंगण एकाच फडक्याने पुसता?"

वीत्स्केने हातमोजे मागितले. बोझेनाने गाडीवरचा एक एप्रनही तिच्या अंगावर टाकला. अकरा झाली, दहा झाली, नऊ झाली. वीत्स्केचा घसा अजून खरखरत होता, पण गालांवर लाली चढली होती. रिंझे दोनदा बोळातून गेला, फुकटची बाई बघून त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. शूर्ड येऊन सांगून गेला की बाराची बोट पकडायची आहे. "दहा मिनिटं," ती म्हणाली. त्याने दहा मिनिटांनी पुन्हा येऊन बघितलं आणि बोट चुकणार हे ओळखून खाली जाऊन वाटाण्याचं सूप मागवलं.

नऊ नंबरमध्ये नवीन पाहुणी आली आणि पाच मिनिटांत तिने घंटा बडवली. रिंझे गेला, मागोमाग बोझेना आणि वीत्स्के. खोलीत एक उंच, नीटनेटक्या बाई उभ्या होत्या. एका हातात फवारा, दुसऱ्या हातात चिमटा, आणि चिमट्यात एक लांब पांढरा केस.

"उशीवर!" त्या म्हणाल्या. "याला तुम्ही स्वच्छता म्हणता? हा केस कुणाचा आहे?"

रिंझेला केसच नव्हते. बोझेनाचे काळे, आखूड. दोघांनी वीत्स्केकडे पाहिलं.

"माझा," वीत्स्के म्हणाली.

"आणि तुम्ही कोण?"

"मी... आज मदतीला आहे."

"असल्या बायका कामावर ठेवता तुम्ही?" बाईंनी रिंझेला विचारलं.

"ठेवलेली नाही हो," रिंझे म्हणाला. "आपणहून आलीय."

"एका केसावर किती जिवाणू असतात, कल्पना आहे तुम्हाला?" बाई आता वीत्स्केकडे वळल्या.

वीत्स्केला कल्पना होती. आकड्यासकट होती. तिने तोंड उघडलं आणि तिच्याच कानांना खरं वाटू नये असं काहीतरी बाहेर आलं.

"बाई, बावीस मिनिटं मिळतात! बावीस! त्यात पलंग, बेसिन, संडास, जमीन, काचा. ही बाई रोज अशा चौदा खोल्या करते आणि तुम्ही तो चिमट्यात केस धरून उभ्या आहात. झाला केस. माझा आहे, मला काही रोग नाही. उशीचं कव्हर बदलते, बसा शांतपणे. कुठेही बसा!"

ती खोकू लागली. बाईंनी घाबरून तिच्या दिशेने दोनदा फवारा मारला.

बोझेनाने कव्हर बदललं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाहुण्यांशी असं बोलायचं नसतं."

"मग कसं बोलायचं?"

"'माफ करा, बाई' म्हणायचं. आणि मनात शिव्या घालायच्या. मी काल तुमच्याशी बोलले तसं."

दोनच्या बोटीवर वीत्स्के डेकवर वाऱ्यात बसली. मग म्हणाली, "तीन खोल्यांना दीड तास लागला मला. बोझेना म्हणाली, हात सावकाश आहे. मला म्हणाली, शूर्ड! एकतीस वर्षांत मला कुणी सावकाश म्हटलं नव्हतं."

"वाईट वाटलं?"

"मग वाटणार नाही?"

ऑगस्टमध्ये हॉटेलच्या दोन मुली काम सोडून गेल्या तेव्हा रिंझेने सहज म्हणून फोन केला, आणि वीत्स्के एका बॅगेनिशी दोन आठवड्यांसाठी बेटावर गेली. राहायला बोझेनाच्या शेजारची खोली, न्हाणीघर चौघींत एक. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर ती सव्वीस मिनिटांवर आली. बोझेनाने घड्याळ बघितलं आणि नवशिकीच्या मानाने बरं आहे म्हणाली. त्यानंतर वीत्स्के दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.